दोघांच्या घरात पन्नास किलो गहू: साठवण, भाजी आणि उरलंसुरलं

तुमच्या लांबलचक प्रश्नाचा सारांश आधी सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. घरात दोघंच, दोघंही नोकरीला, राहायला पनवेलला. सासूबाईंनी मे महिन्यात साताऱ्याहून ५० किलो गहू आणि २५ किलो तांदूळ पाठवले, ऑगस्टमध्ये दोन्हीत किडे निघाले. शनिवारी बाजारातून पिशवीभर भाजी येते आणि पुढच्या शुक्रवारी तिच्यातली बरीचशी कचऱ्यात जाते. उरलेलं अन्न टाकवत नाही आणि खाववतही नाही. मोठा फ्रीज घेतला तर हे सगळं सुटेल का, असं शेवटी विचारलंय.

मी डोंबिवलीत पोळीभाजीचे डबे करते, बरीच वर्षं. माझ्याकडे धान्य पोत्यानं येतं, भाजी रोज येते आणि जे वाया जातं ते थेट माझ्या नफ्यातून जातं. त्यामुळे या विषयावर माझी मतं जरा ठाम आहेत.

सासूबाईंची पद्धत बरोबरच आहे, पण ती साताऱ्याच्या हवेसाठी आणि भरल्या घरासाठी. किती साठवायचं हे दोन गोष्टींवर ठरतं: घरात ते किती वेगानं संपतं आणि तुमच्या गावच्या हवेत ओल किती आहे. तुमच्या दोघांचा हिशोब मांडू. दोघांच्या मिळून दिवसाला सात-आठ पोळ्या धरल्या तर सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम कणीक लागते, म्हणजे महिन्याला सात किलो. ५० किलो गहू सात महिने पुरणार. तांदूळ रोज एक वाटी, दीडशे ग्रॅम धरा, म्हणजे महिन्याला साडेचार किलो. २५ किलोला साडेपाच महिने. मे महिन्यात भरलेलं धान्य पनवेलचा अख्खा पावसाळा डब्यात काढणार. खाडीजवळच्या त्या दमट हवेत धान्य ओल ओढून घेतं, आणि ओल आली की किडा आलाच.

आता किडा येतो कुठून? बहुतेकांना वाटतं डब्याला फट राहिली म्हणून बाहेरून आला. खरं तर बहुतेक वेळा तो धान्याबरोबरच घरी येतो. सोंडा किडा दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालतो आणि वरून ते भोक बुजवून टाकतो. दाणा बाहेरून धड दिसतो. उबदार हवेत साधारण महिन्याभरात अळीचा किडा होऊन दाणा पोखरून बाहेर पडतो आणि त्याची पिढी पुढे सुरू. म्हणून मे महिन्यात निवडताना एकही किडा दिसला नाही तरी जुलै-ऑगस्टमध्ये डबा वळवळतो. घट्ट झाकणाचा डबा बाहेरचे किडे अडवतो, ओल अडवतो, पण आतल्या अंड्यांचं काही करत नाही.

त्यावर जुना उपाय उन्हाचा, आणि तो खरोखर चांगला आहे. गहू मे महिन्याच्या कडक उन्हात चादरीवर पातळ पसरायचे, दोन-तीन दिवस, मधून मधून हात फिरवायचा. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. यात एक गोष्ट हमखास चुकते: संध्याकाळी गरम गहू तसेच डब्यात भरतात. आतली उष्ण हवा रात्री गार झाली की झाकणाच्या आतल्या बाजूला पाणी धरतं आणि तेच वरच्या थरात उतरतं. गहू सावलीत पूर्ण निवू द्यावेत, मगच भरावेत. तांदळाला मात्र कडक ऊन दाखवू नये. दाण्याला बारीक चिरा जातात आणि शिजताना त्याची कणी होते. तांदूळ घरातच पंख्याखाली पसरून कोरडा करावा.

फ्लॅटमध्ये ऊन कुठून आणायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. तर कमी आणायचं. हे माझं सरळ मत आहे. गावाहून धान्य येतंय, ते घरचं आहे, नाही म्हणवत नाही, हे कळतं. पण सासूबाईंना सांगा की दिवाळीपर्यंत पुरेल एवढंच द्या, बाकीचं तिकडेच कोठीत राहू दे. साताऱ्याला ते तुमच्याकडच्यापेक्षा चांगलं टिकेल. दळण एका वेळी चार-पाच किलोच काढा, पावसाळ्यात तर नक्कीच. जुनी कणीक डब्याच्या तळाशी असताना वर नवी ओतू नका. झाकणाच्या खाचेत बसलेलं जुनं पीठ हेच किड्यांचं माहेर. डबा रिकामा झाला की घासून, खडखडीत वाळवून मग भरा.

आत्ता घरात असलेल्या गव्हाचं काय? चाळून किडे काढा. कुबट वास येत असेल, गुठळ्या झाल्या असतील किंवा बुरशीचा पांढरा-हिरवा थर दिसत असेल तर सगळं टाका. नुसतेच किडे असतील आणि दाणे बऱ्यापैकी भरलेले असतील तर ऊन मिळेल त्या दिवशी वाळवा, निवडा आणि लगेच दळून आणा. तांदूळही पसरून, निवडून, तीन-चार किलोच्या पिशव्या करून आळीपाळीनं फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवा. उणे १८ अंशांत अंडी, अळ्या सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, घरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार दाण्यावर हवेतलं पाणी बसेल. रवा, बेसन, पोहे, तांदळाची पिठी यांनाही आणल्याबरोबर हाच फ्रीजरचा नियम लावला तर वर्षभर डोकेदुखी नाही. रवा भाजून ठेवायची पद्धत तर आहेच; उपमा आणि शिरा दोन्हीचा वेळ वाचतो.

कडधान्याचा किडा वेगळा. मूग, चवळी, हरभरा यांतला भुंगा अंडं दाण्याच्या वर चिकटवतो. बारीक पांढरे ठिपके दिसतात ते तेच. म्हणूनच तेलाचा हात इथे उपयोगी पडतो: किलोला छोटा चमचाभर एरंडेल किंवा साधं गोडेतेल चोळलं की अंडी नीट धरत नाहीत. गव्हात अंडं दाण्याच्या आत असल्यामुळे तेलाचा तितका फायदा नाही, उगाच दळण तेलकट. आणि सालासकट अख्ख्या दाण्यापेक्षा डाळीला हा भुंगा कमी लागतो. कडुलिंबाचा पाला घालणार असाल तर सावलीत पूर्ण वाळलेला घाला. ओला पाला घालून डब्यात बुरशी आणलेली घरं मी पाहिली आहेत.

बोरिक पावडर तांदळाला चोळायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. ती सोडा. धुतल्यावर जाते म्हणतात, पण जी वस्तू पोटात जायला नको ती अन्नात मिसळायचीच कशाला? पाऱ्याच्या गोळ्यांचंही तेच. धान्याच्या गोदामात वापरतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात कधीच आणू नका. ओलसर हवेत त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. बंद घरात या गोळ्यांनी माणसं दगावली आहेत.

डब्यातल्या इतर गोष्टी पटकन सांगते. लाल तिखट आणि वर्षाचा मसाला बरणीत दाबून भरा, मधे हिंगाचे खडे ठेवा, रोजच्या वापराचं छोट्या डबीत काढून घ्या, म्हणजे मोठी बरणी रोज उघडत नाही. दाण्याचं कूट आठवड्याचंच करा. दळल्यावर दाण्यातलं तेल हवेला उघडं पडतं आणि खवट होतं. पावसाळ्यात कूट फ्रीजमध्येच. गूळ घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. डबे जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली पाट किंवा फळी हवी.

आता भाजी. तुमची शनिवारची यादी मी वाचली: पालक, मेथी, कोथिंबीर दोन जुड्या, भेंडी, वांगी, फ्लॉवर, दुधी, टोमॅटो, काकडी. यादी वाईट नाही, खाण्याचा क्रम लावलेला नाही एवढंच. जे आधी मरतं ते आधी खायचं. रविवारी-सोमवारी पालेभाजी. मंगळवारी भेंडी, बुधवारी वांगी किंवा फ्लॉवर. गुरुवारी दुधी, कोबी, लाल भोपळा यांसारखं दमदार काहीतरी. शुक्रवारी भाजी नकोच, मटकी किंवा मूग भिजवून मोड आणायचे. सकाळी भिजवा, रात्री उपसून फडक्यात बांधा, दुसऱ्या रात्रीपर्यंत मोड येतात. वाटीभर मटकीची दोन-अडीच वाट्या उसळ होते आणि किमतीत ती कुठल्याही भाजीला हरवते. दोघांना आठवड्याला एकच पालेभाजी पुरे. मेथी आणि पालक दोन्ही आणले की एक कुजणार हे ठरलेलं.

बाजारातल्या प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून ती तशीच फ्रीजमध्ये टाकणं, हे नासाडीचं सगळ्यात मोठं कारण. भाजी श्वास घेत असते, आत घाम धरतो आणि त्या पाण्यात पानं कुजतात. कोथिंबीर न धुता मुळं कापा, पिवळी आणि चेचलेली पानं काढा, साध्या कोऱ्या कागदात नाहीतर सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. कागद ओलसर लागला की बदला. दहा-बारा दिवस जाते. धुवायचीच असेल तर वापरायच्या आधी. हिरव्या मिरचीचे देठ काढून ठेवा, कुजायला तिथूनच सुरुवात होते. भेंडी ओली झाली की चिकट होते, म्हणून ती चिरायच्या आधी धुवून पुसायची. लिंबं उघडी ठेवली की आठवड्यात सुकून लाकूड होतात; बंद पिशवीत फ्रीजमध्ये महिनाभर रसरशीत राहतात. कांदा-बटाटा फ्रीजच्या बाहेर, अंधारात, हवेशीर आणि एकमेकांपासून लांब. पिकत आलेली केळी पालेभाजीशेजारी ठेवू नका, केळ्यातून निघणाऱ्या वायूनं पानं लवकर पिवळी पडतात.

जानेवारीत मटार स्वस्त झाले की दोन-तीन किलो घेऊन ठेवणं मात्र परवडतं. सोलून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग फडक्यावर पूर्ण कोरडे करून फ्रीजरमध्ये. उकळत्या पाण्याची पायरी गाळली तर दाण्यातल्या विकरांचं (एन्झाइम्सचं) काम चालूच राहतं आणि दोन महिन्यांत रंग आणि चव उतरते. ओला नारळही खोवून, एका भाजीला लागेल एवढ्या पुड्या करून फ्रीजरमध्ये टाका. फोडलेल्या नारळाची डोळ्याची वाटी आधी वापरायची, ती आधी खराब होते, हे आमच्याकडे पहिल्यापासून पाळतात.

आणि जे तुम्ही कचऱ्यात टाकता त्यातलं निम्मं खायचं असतं! दोडक्याच्या शिरा किसून तेलावर कुरकुरीत परता, त्यात तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ: ही चटणी भाकरीबरोबर दोडक्याच्या भाजीपेक्षा जास्त खपते. दुधीच्या सालांची तशीच. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्यांना पानांपेक्षा जास्त वास असतो, त्या वाटणात जातात. मुळ्याचा आणि नवलकोलचा पाला डाळ घालून परतून भाजी. फ्लॉवरचे जाड देठ सोलून रस्स्यात बटाट्याबरोबर. मटाराच्या सालांची आतली कडक पापडी ओढून काढली की कोवळ्या सालाची भाजी होते, पण हे काम वेळखाऊ आहे, नोकरी करणाऱ्यानं त्याच्या नादी लागू नये. कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपिठात घाला, कोणाला कळणारही नाही. रस काढलेली लिंबाची सालं मीठ, थोडी साखर आणि तिखट घालून बरणीत भरली की महिन्या-दीड महिन्यात मुरतात.

दुधाबद्दल तुम्ही विचारलंय की साय साठवून घरी तूप काढणं परवडतं का. दूध कुठलं घेता त्यावर आहे. फुल क्रीम दुधात स्निग्धांश किमान ६ टक्के असतो, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. फुल क्रीम रोज लिटरभर येत असेल तर सायीला विरजण लावा, आठ-दहा दिवसांनी घुसळा. लोणी, ताक, तूप आणि वर बेरी. त्या बेरीत गूळ घालून पोळीबरोबर खाल्लं की बाहेरची मिठाई सुचत नाही. टोन्ड अर्धा लिटर येत असेल तर साय कॉफीत घालून मोकळे व्हा. तेवढ्यासाठी गॅस आणि रविवार घालवू नका. दूध तापवताना नासलं तर गाळून पनीर, आणि खालच्या पाण्यात कणीक मळायची. पोळ्या मऊ होतात.

उरलेल्या अन्नात एकच गोष्ट मला भीतीची वाटते, ती म्हणजे भात. तांदळात एका जातीच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष सकाळी फोडणी देऊन, वाफ काढून जात नाही. फोडणीचा भात करायचाच आहे, पण त्यासाठी रात्री जेवण झाल्या झाल्या भात ताटात पसरून निववा आणि तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये घाला. दुसऱ्या दिवशी संपवा. कुकरमध्ये झाकून ठेवलेला भात तासन् तास कोमट राहतो, ते सगळ्यात वाईट.

पोळ्यांना असली भीती नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा कांदा-मिरचीच्या फोडणीवर, नाहीतर गूळ-तूप घालून लाडू. वरण किंवा आमटी उरली तर त्यातच चिंच-गूळ घालून पातळ करा आणि कणकेच्या शंकरपाळ्याएवढ्या चकत्या सोडा: वरणफळं, एका भांड्यात रात्रीचं जेवण. सुकी भाजी थालीपिठाच्या भाजणीत मळून टाका. उरलेलं ठेवताना फ्रीजच्या पुढच्या बाजूला, झाकण पारदर्शक असलेल्या डब्यात ठेवा. मागे गेलेला स्टीलचा डबा चार दिवसांनी वासानंच सापडतो.

जिथे काटकसर करायची नाही त्या जागाही सांगते. शेंगदाण्याला बुरशी दिसली किंवा चव कडवट लागली तर ते दाणे टाका. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजून पूर्ण जात नाही. दुधी चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावा. कडू असेल तर अख्खा दुधी कचऱ्यात, कारण त्या कडूपणानं माणूस दवाखान्यात पोचतो. हिरवा पडलेला बटाटा थोडाच असेल तर तो भाग आणि कोंब खोलवर कापा, बराच असेल तर टाका. सोललेला लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवायची चाल आहे, ती घातक आहे. बंद तेलात हवा नसते आणि तिथे वाढणारे जिवाणू वासानं कळत नाहीत. आलं-लसूण वाटण फ्रीजरमध्ये बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवा. तळलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा, तेच पुन्हा तळणीला नको. हॉटेलवाल्यांनाही २०१८ च्या जुलैपासून २५ टक्क्यांची मर्यादा आहे: वापरून वापरून तेलात तयार होणारी ध्रुवीय संयुगं त्याहून जास्त झाली की ते तेल वापरता येत नाही. घरात हे मोजायचं साधन नाही, म्हणून काळं, चिकट, लवकर धुरकटणारं तेल म्हणजे संपलेलं तेल, असं धरा.

गॅसचं थोडक्यात. डाळ अर्धा तास भिजवा. कुकरला वाफ धरली, पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. पुढची प्रत्येक शिट्टी म्हणजे पैसे देऊन तयार केलेली वाफ बाहेर सोडणं. वरण, भात आणि उद्याच्या भाजीचे बटाटे एकाच कुकरात. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावर घाला, आंबट पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो. सोडा घालू नका, त्यानं ब जीवनसत्त्व जातं.

राहिला फ्रीज. दोघांना मोठा फ्रीज घेतला तर त्यात जास्त कुजेल, एवढंच होईल. आहे त्याचं तापमान आधी बघा. आत ४-५ अंश हवं, साधा थर्मामीटर रात्रभर ठेवून कळतं. मग दाराच्या रबराची परीक्षा करा: कागदाची पट्टी दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज सरकून आली तर तिथून गार हवा बाहेर जातेय आणि पनवेलची दमट हवा आत येतेय, भाज्यांच्या खणात पाणी साचतं तेही त्यामुळेच असू शकतं. चारही बाजूंनी अशी पट्टी लावून बघा. रबर नुसतं मळलेलं असेल तर कोमट साबणाच्या पाण्यानं पुसून काम भागतं, फाटलं असेल तर बदलून मिळतं; मॉडेल नंबर लिहून दुरुस्तीवाल्याला फोन करा.